शेवटी जिवंत राहणारी भूमिका

हे घडलं १९९६ साली. वाळवंटाकाठच्या वारझाझात या आमच्या गावात खऱ्या गढ्यांपेक्षा खोट्या गढ्या जास्त झाल्या, ते हे वर्ष. परदेशातून चित्रपटवाले यायचे, लाकूड-प्लास्टरची गढी उभी करायचे, शेवटच्या दिवशी तिला आग लावायचे आणि राख आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर सोडून निघून जायचे.

त्याआधी धार्मिक चित्रपटांचा काळ होता. तो बरा होता. आमचे लोक उंट हाकत, पाणी भरत, चमत्कार पाहून थक्क होत आणि संध्याकाळी धडधाकट घरी येत. मग राजकीय थरारपट आले आणि जो तो बंदूक घेऊन फिरू लागला. देशाचं नाव दरवेळी निराळं, पण नकाशावर नसलेलं. त्यात एक हुकूमशहा, एक पळवलेला राजदूत, एक बॉम्ब आणि तो बॉम्ब अगदी शेवटच्या क्षणी थांबवणारा एक परदेशी नायक. नायकाला सोडलं तर बाकी सगळा देश म्हणजे आम्ही.

शेवट आम्हाला आधीच ठाऊक असायचा. नायकाचा ड्रायव्हर पहिला जाणार. मुलांना खाऊ वाटणारा डॉक्टर नायकाच्या मांडीवर डोकं ठेवून जाणार. आणि जो भला म्हातारा नायकाला स्वतःच्या हाताने चहा ओतून देतो, ‘हे घर आपलंच समजा’ म्हणतो, तो फितूर. तो शेवटून दुसरा. कपडेपटवाल्या बाईंनी कोणाला काय नेसवलं एवढं कळलं की आमच्या आळीतल्या बायका भाकरीच्या भट्टीवर रांगेत उभ्या राहून पुरा चित्रपट सांगून मोकळ्या होत. पुरुष त्यावर चहाची पैज लावत, पण सगळ्यांचं उत्तर एकच असल्यामुळे पैज कोणी हरत नसे.

आमचे हे, सी बस्सू (सी म्हणजे श्रीयुत), पाणीपुरवठा कचेरीत कारकून होते. स्वभावाने इतके गरीब की कोंबडी कापायची झाली तर शेजारच्या रब्हाला हाक मारायचे. पण देवाने चेहरा दिला होता भलताच. भुवया मधोमध जुळलेल्या, डोळे खोल आणि खाली ही जाड मिशी. ते नुसते ‘पाणीपट्टी थकली आहे’ म्हणाले तरी समोरचा माणूस दोन पावलं मागे सरायचा. आता अशा चेहऱ्याला चित्रपटात दुसरं काय मिळणार? एकदा ते उंटावरून पडून मेले, एकदा गच्चीवरून, एकदा जेवता जेवता. कचेरीतून किरकोळ रजा काढायची आणि जाऊन मरायचं, असा क्रम होता. घरीही सराव चाले. मी चहाचं तबक घेऊन येत असताना ते दारात कोसळत आणि पडल्या पडल्या विचारत, “इट्टो, हात असा बरा दिसतो की तसा?” मी म्हणे, “तसा. आणि पाय जरा आत घ्या, मला जायचंय.”

मला त्याचं काही वाटत नसे. अडचण माझ्या सासूबाईंची होती.

सासूबाई, तूदा त्यांचं नाव, स्कूराच्या खजूरबागांत राहायच्या. त्यांच्या पुतण्याने व्हिडिओ घेतला आणि त्यावर त्यांनी आपला मुलगा पहिल्यांदा मरताना पाहिला. मुलगा जिवंत आहे हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. आदल्याच गुरुवारी तो त्यांच्याकडे जेवून आला होता. पण डोळ्यांनी पाहिलं ते पाहिलं, आता मेलेल्याच्या नावाने दान केलंच पाहिजे, असं त्यांनी ठरवलं आणि शुक्रवारी मशिदीत कुसकुसची, म्हणजे मांस घालून वाफवलेल्या रव्याची, मोठी परात पाठवली. हे त्या शुक्रवारी तिथेच होते. स्वतःच्याच मयताच्या तिसऱ्या दिवसाचं जेवण त्यांनी स्वतः जेवलं, आणि मांस जरा कमी शिजलं होतं असं घरी येऊन सांगितलं.

त्यापाठोपाठ सासूबाईंच्या गावातल्या बायका आमच्या दारी आल्या. आमच्याकडे मयताच्या घरी रिकाम्या हाताने जात नाहीत. निळ्या कागदात गुंडाळलेला साखरेचा सुळका नेतात. बायका सुळका ठेवायच्या, माझ्या खांद्यावर हात ठेवायच्या, आणि आतून यांनी कोण आलंय म्हणून विचारलं की “सी बस्सू, कसे आहात?” म्हणून त्यांचीही चौकशी करायच्या. पुढे प्रत्येक चित्रपटागणिक हेच. आमच्या घरात त्या काळात साखर विकत आणल्याचं मला आठवत नाही.

१९९६च्या हिवाळ्यात सासूबाईंना धाप लागू लागली, म्हणून आम्ही त्यांना गावाहून आणलं. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, जपा. एका दुपारी मी त्यांना जवाची पेज भरवत होते. त्या म्हणाल्या, “सूनबाई, मला काही नको. फक्त एकदा त्याला शेवटपर्यंत जिवंत बघू दे.”

मी म्हटलं, “इम्मी,” आमच्याकडे आईला असंच म्हणतात, “ते सगळं खोटं असतं.”

“चित्रपट खोटा असतो, मला कळतं,” त्या म्हणाल्या. “मुलगा तर खरा आहे ना? तो माझ्यासमोर डोळे मिटतो. मी त्याच्या आधी जायचं असतं. हा दरवेळी रांग मोडतो.”

मी त्या क्षणी ठरवलं, यांना एक तरी अशी भूमिका मिळवून द्यायची की जिच्यात हे मरत नाहीत. मला वाटलं, ही काय मोठी गोष्ट आहे. ज्या ज्या कामाला मी ‘ही काय मोठी गोष्ट’ म्हटलं, ती सगळी कामं मला अजून आठवतात.

पहिला सल्ला रब्हाचा. रब्हा विधवा होती, जिभेने तिखट. तिचा नवरा धार्मिक चित्रपटांच्या काळातला, त्यामुळे थरारपटांकडे ती जरा वरूनच पाहायची. ती म्हणाली, “मेंढपाळ कर त्याला. मेंढपाळाला कोणी मारत नाही. नायक वाट विचारतो, मेंढपाळ बोट दाखवतो, संपलं. बोट दाखवून मेलेला माणूस मी तरी पाहिला नाही.” मी न्हावी सुचवला. ती म्हणाली, हातात वस्तरा आला की माणूस गेला. वेटर? विष. भिकारी? तो तर हेरच असतो. मी मनात सगळे धंदे फिरून आले आणि मेंढपाळावरच येऊन थांबले.

एक्स्ट्रा निवडण्याचं काम अद्दी नावाचा माणूस करायचा. कॅफेत भिंतीला टेकून बसायचा आणि समोरून जाणाऱ्याकडे पाहून भाजी निवडावी तसा बोलायचा: “तू बाजारात. तू पहारेकरी. तू आलास तसा परत जा.” अद्दीने यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “मेंढपाळ? काका, तुमच्या मिशा पाहून मेंढ्याच पळतील. मिशी काढा, मग बघू.”

लग्नापासूनची मिशी. हे दोन दिवस जेवले नाहीत. शेवटी आईचं नाव निघालं तेव्हा आरशासमोर बसले. मिशी गेली आणि आतून एक अनोळखी, गोल, भाबडा चेहरा निघाला. मी इतक्या वर्षांत त्या माणसाला भेटलेच नव्हते. सासूबाईंनी मात्र लगेच ओळखलं. “हा सातवीत असताना असाच होता,” त्या म्हणाल्या.

चित्रीकरणाच्या फाटकावर पहाऱ्याला पोलीस होते. त्यांनी ओळखपत्र पाहिलं, यांच्याकडे पाहिलं, पुन्हा ओळखपत्र पाहिलं आणि आत सोडायला नकार दिला. फोटोतला माणूस संशयास्पद आहे, असं ते म्हणाले. यांनी सांगितलं, तो मीच. पोलीस म्हणाले, मग तर सोडणं शक्यच नाही. नवीन फोटोचं ओळखपत्र हवं. त्यासाठी रहिवासाचा दाखला हवा. आणि रहिवासाचा दाखला आळीचा मुकद्दम देतो. आमचे मुकद्दम सी उबिही. कोण कुठे राहतो, कोणाकडे कोण पाहुणा आला, कोणाच्या घरात कालवण कशाचं, हे सरकारला सांगण्याची नोकरी. मोठा भारदस्त माणूस. पण कार्यालयाला कुलूप.

शोध घेता कळलं, मुकद्दम त्याच चित्रपटात सेनापती आहेत. त्यामुळे दाखला मिळाल्याशिवाय आत जाता येईना, आणि दाखला देणारा आत. अखेर रब्हाने पहाऱ्यावरच्या पोलिसाला त्याच्या आईची ओळख सांगून आत निरोप धाडला आणि सी उबिही बाहेर आले. छातीवर पदकं, कमरेला तलवार, मागे चार सैनिक, त्यांतले दोन आमचे भट्टीवाले. मुकद्दमांनी जीपच्या बॉनेटवर शिक्का उमटवला आणि यांना म्हणाले, “बस्सू, फितुरी करू नकोस.” सैनिक हसले. पोलिसांनी तेवढ्यात त्यांना सलाम ठोकला. सेनापतीला की मुकद्दमाला, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

मग मेंढ्यांची पाळी. मेंढपाळाने स्वतःच्या मेंढ्या आणायच्या, अशी अद्दीची अट. मेंढ्यांना पशुवैद्याचं आरोग्यपत्र हवं. पशुवैद्य म्हणाले, मेंढ्या निरोगी आहेत, पण त्या कोणत्या कारणासाठी नेताय? खाटीकखाना, बाजार की चराई, असे तीनच प्रकार आहेत, अभिनय नाही. शेवटी त्यांनी ‘चराई’ असं लिहिलं. आणि मेंढ्यांनी ते शब्दशः घेतलं. पहिल्याच दिवशी राजवाड्याच्या बागेतली कागदी फुलं त्यांनी फस्त केली.

एवढं सगळं होऊन हे मेंढपाळ झाले. नायकाने वाट विचारली, यांनी बोट दाखवलं. मी घरी सासूबाईंना सांगितलं, जमलं. त्यांनी त्या दिवशी पेजेवर ऑलिव्हचं तेल मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हे घरी आले ते चालत नव्हतेच, तरंगत होते. दिग्दर्शकाला यांचा नवा चेहरा फार आवडला होता. “म्हणाले, इतका विश्वासू चेहरा मी पाहिला नाही,” हे सांगत होते. मेंढपाळाचं दृश्य त्यांनी रद्द केलं आणि यांना थेट मंत्री केलं. राष्ट्राध्यक्षांचा वृद्ध, सज्जन मंत्री. बोलायची वाक्यंही होती.

मी विचारलं, “पहिलं वाक्य काय?”

हे छाती काढून म्हणाले, “‘हे घर आपलंच समजा.’”

मी खाली बसले.

“चहा तुम्हीच ओतता?”

“मग काय, नोकर ओतेल? मंत्री आहे मी.”

आळीत बातमी पसरली. लोक अभिनंदनाला येत आणि जाताना माझ्याकडे पाहून मान हलवत. रब्हा तर साखरेचा सुळका घेऊनच आली. “नंतर गर्दी होईल,” म्हणाली. हे मात्र ऐकायला तयार नव्हते. जन्मभर पाणीपट्टी वसूल केलेल्या माणसाला कोणी तरी विश्वासू म्हटलं होतं; ते म्हणाले, विश्वासू माणूस कशाला मरेल? मी म्हटलं, विश्वासू दिसणारा मरतोच, हे भट्टीवरच्या पोरींनाही कळतं. त्यावर ते दोन दिवस माझ्याशी मंत्र्यासारखे बोलले.

तेव्हा मी स्वतः दिग्दर्शकाकडे गेले. गरम मसेमनची, म्हणजे पापुद्र्यांच्या पराठ्यांची टोपली आणि कामापुरतं फ्रेंच बरोबर होतं. तो उंच, थकलेला माणूस होता; सदैव छत्रीखाली बसायचा आणि तरी उन्हाने लाल झालेला. मी त्याला सांगितलं की तुमचा मंत्री फितूर आहे हे तो दारात आला की कळतं, आणि त्याला पुन्हा मेंढपाळ करा. त्याने मसेमन खाल्ला, मध मागितला आणि शांतपणे म्हणाला, “बाई, कळायलाच हवं. लोक पैसे देऊन येतात ते आपला अंदाज बरोबर निघतो का ते बघायला. मी त्यांना चुकीचं ठरवलं तर ते रागावतील.”

मी म्हटलं, यांची आई आजारी आहे. तो म्हणाला, माझीही आहे. मग आम्ही दोघांनी थोडा वेळ आयांविषयी बोलून घेतलं, आणि मी टोपली घेऊन परत आले. माणूस वाईट नव्हता.

सासूबाईंना सांगायची हिंमत मला नव्हती. पण रब्हाचा सुळका त्यांनी पाहिला होता. त्या एवढंच म्हणाल्या, “या वेळी मी समोर बसून बघणार. कॅसेट यायला वर्ष जातं. माझ्याकडे वर्ष आहे की नाही कोणाला माहीत.”

शेवटच्या दृश्याचा दिवस उजाडला. चौकात नायक मंत्र्याला गोळी घालणार आणि त्याच क्षणी मागे गढीचा दरवाजा उडणार. दरवाजा एकच होता. उडाला की उडाला. म्हणून तीन कॅमेरे लावले होते. नायकाचं विमान दुपारी होतं. आम्हा घरच्यांना दोरीपलीकडे बसवलं होतं. सासूबाईंसाठी मी उशी नेली होती.

एक गोष्ट मला तेव्हाच दिसायला हवी होती. मंत्र्याला पांढरा सेलहाम हवा होता, डोक्यावरून घ्यायचा लोकरी झगा, आणि कपडेपटातला यांना आखूड झाला होता. म्हणून हे घरचाच घालून गेले होते. तो सासूबाईंनी यांच्या लग्नासाठी स्वतः कातून विणलेला.

नायकाने गोळी झाडली. यांच्या छातीवर लाल रंग फुटला. हे फार छान पडले. हात ‘तसा’ होता, पाय आत घेतलेले. दरवाजा उडाला, धूर, माती. नायक ओठ घट्ट करून प्रेताकडे पाहत उभा. मी शेजारी पाहिलं, तर उशी रिकामी.

सासूबाई दोरीखालून वाकून धुरातून सरळ चौकात चालत गेल्या होत्या. त्यांना कोणी अडवलं नाही, कारण त्या इतक्या सावकाश आणि इतक्या खात्रीने चालत होत्या की प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्या कोणी तरी पाठवलं असेल. त्या प्रेताजवळ थांबल्या.

“बस्सू,” त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता. पहाटे शाळेसाठी उठवावं तसा होता. “ऊठ. तिथे मेंढ्या बसल्या होत्या. लोकर खराब होते.”

आणि हे उठले.

पुढे लोकांनी यांना पुष्कळदा विचारलं, का उठलात? हे म्हणत, आई ऊठ म्हणाली आणि आपण पडून राहिलो, असं आयुष्यात कधी झालंच नव्हतं. हे उठले, “हो इम्मी,” म्हणाले, झगा झटकला आणि आईला हाताला धरून धुरातून चालू लागले. नायक आ वासून पाहत राहिला. त्याने त्या चित्रपटात केलेला तेवढाच खरा अभिनय.

तिन्ही कॅमेरे चालूच होते.

दिग्दर्शकाला दृश्य पुन्हा घेता येईना. दरवाजा नव्हता, नायक विमानतळाच्या वाटेवर होता. हे माफी मागायला गेले तेव्हा तो फक्त म्हणाला, “तुमच्या आईंना धाप लागली असेल, घरी न्या.” सासूबाईंना धाप अजिबात लागली नव्हती. घरी येऊन त्यांनी झगा स्वतः धुतला.

आता फितूर कोणी तरी लागणार होताच. दुसऱ्या दिवशी उरलेल्या फिल्मवर त्यांनी सेनापतीला जिन्यावरून पाडून मारलं. नायक गेला होता, म्हणून पडद्यावर फक्त बंदूक धरलेला हात दिसतो. तो हात अद्दीचा. मुकद्दम सी उबिहींना आदल्या रात्रीपर्यंत वाटत होतं की आपण शेवटी राष्ट्राध्यक्ष होणार.

कॅसेट पुढच्या वर्षी आली. सासूबाई अजून होत्या. आमच्या गच्चीवर आळी जमली. मंत्र्याने चहा ओतला, ‘हे घर आपलंच समजा’ म्हणाला, आणि सगळे एका सुरात “गेला” म्हणाले. मग शेवट आला. प्रेत उठलं, एका म्हातारीचा हात धरून चालत गेलं. चूक नायकाचीच होती, मंत्री प्रामाणिक होता, असं खाली लिहून आलं. गच्चीवर कोणी टाळी वाजवली नाही. सगळ्यांच्या चहाच्या पैजा बुडाल्या होत्या. भट्टीवाले म्हणाले, काही तरीच, असं कुठे असतं का? रब्हाही म्हणाली, पटण्यासारखं नाही. दिग्दर्शकाचं म्हणणं खरं निघालं, लोक रागावले.

सासूबाई मात्र पडद्याकडे पाहत बसल्या होत्या. मी वाकून विचारलं, “पाहिलंत ना, इम्मी? शेवटपर्यंत जिवंत.”

“पाहिलं,” त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, “पण तो उबिही जिन्यावरून पडला. त्याची आई कुठे राहते?”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला रब्हाचाच सुळका घेऊन मुकद्दमांच्या घरी पाठवलं. मुकद्दमांनी स्वतः दार उघडलं. त्यानंतर आमच्या आळीत रहिवासाचा दाखला मिळायला पुष्कळ दिवस लागत.

सासूबाई त्यानंतर दोन हिवाळे होत्या आणि झोपेतच गेल्या, यांच्या आधी, रांगेने. अद्दीने एजन्सी काढली आणि मोठा माणूस झाला. आता कॅफेत बसत नाही, कॅफे त्याचाच आहे. सी उबिही निवृत्त झाले. त्यांनी पुन्हा चित्रपटात काम केलं नाही, पण जिना उतरताना भिंतीला हात लावून उतरत. त्या दिग्दर्शकाने मला एकदा कार्ड पाठवलं, त्याची आई गेल्याचं. मी त्याला खजूर पाठवले, पोहोचले की नाही कळलं नाही. रब्हा अजून आहे आणि अजून माझ्यापेक्षा तिखट आहे.

यांनी मिशी पुन्हा वाढवली आणि पुन्हा वाईट माणूस झाले. पण सासूबाई गेल्यावर त्यांचं मरणात मन लागेना. दोन चित्रपटांत मेले आणि मग बंद केलं.

२०११च्या वसंतात हे गेले. कचेरीतून निवृत्त झालेले, अंगणात बसलेले, हातात चहा. स्कूराच्या बायकांना निरोप गेला. सर्वांत पुढे आली ती सासूबाईंच्या पुतण्याची बायको. निळ्या कागदातला सुळका तिने माझ्या हातात ठेवला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सवयीने आतल्या दाराकडे पाहत विचारलं, “या वेळी कोणाचा चित्रपट?”

मी म्हटलं, “घरचाच.”